हात कुशल, कागद अकुशल : कामाची किंमत ठरवतंय कोण?

वरकुटे (ता. इंदापूर) : कोयत्यानं ऊस तोडणारा माणूस अकुशल. तोच ऊस यंत्रानं तोडणारा ड्रायव्हर कुशल. डाळिंबाची छाटणी करणारी टोळी मजूर. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन औषध फवारणारा ड्रोन उडवणारी बाई मात्र पायलट. वसाहतीत चार वर्षं मशीन चालवणारा पोरगा कागदावर अजून 'हेल्पर'च. इंदापूर आणि बारामती तालुक्यात ही सगळी माणसं एकाच गावात, एकाच गल्लीत राहतात. त्यांच्या कामात जेवढा फरक नाही, तेवढा फरक त्यांच्या नावापुढं लागणाऱ्या शब्दात आहे. आणि पैसे त्या शब्दावर ठरतात.

वरकुटे खुर्द, वरकुटे बुद्रुक आणि आजूबाजूच्या गावांत सध्या घरटी एक प्रश्न आहे. पोराला बारावीनंतर काय करायचं? लोणी देवकरची एमआयडीसी, बारामतीची एमआयडीसी, साखर कारखाने, नाहीतर घरची शेती. नोकरीला गेलं की पहिला प्रश्न येतो, "सर्टिफिकेट काय आहे?" पोराला काय येतंय, हा प्रश्न नंतर येतो. बऱ्याच वेळा येतच नाही.

कायद्यात कुशल कोणाला म्हटलंय?

बहुतेकांना वाटतं की आयटीआय किंवा डिप्लोमा केला तरच माणूस कुशल. कायद्याचं म्हणणं तसं नाही. किमान वेतनाची पद्धत आपल्याकडं १९४८ च्या कायद्यापासून आहे. त्यात कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग पाडून दर ठरवले जातात. या वर्गांची जी सर्वसाधारण व्याख्या वापरली जाते ती नीट वाचण्यासारखी आहे.

अकुशल म्हणजे ज्या कामाला अनुभव किंवा कौशल्य फारसं लागत नाही ते काम. अर्धकुशल म्हणजे अनुभवानं थोडंफार कसब आलेलं आहे, पण दुसऱ्याच्या देखरेखीखाली करायचं काम. कुशल म्हणजे अनुभवातून किंवा प्रशिक्षणातून कसब आलेलं आहे आणि स्वतःच्या डोक्यानं निर्णय घ्यावा लागतो असं काम.

यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. अनुभवातून किंवा प्रशिक्षणातून. म्हणजे शाळेत शिकलेलं आणि बांधावर शिकलेलं, दोन्ही कायद्याला चालतं. खरी कसोटी दुसरीच आहे. काम करताना माणसाला स्वतः ठरवावं लागतं की नाही? चूक झाली तर नुकसान होतं की नाही?

वेतन संहिता २०१९ साली झाली आणि बाकीच्या तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल हेच वर्ग आहेत. कायदा बदलला, चौकट तीच राहिली. कोण कुठल्या चौकटीत बसणार, हे मात्र कामाच्या ठिकाणी मालक, ठेकेदार किंवा मुकादम ठरवतो.

कोयता : दोन माणसं, एक आकडा

आपल्या भागात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ऊसतोड. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो, तिकडं माळेगाव आणि सोमेश्वर. हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. फडाशेजारी कोप्या पडतात.

या धंद्यात माणसं मोजायची रीतच वेगळी आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस आला तर 'अर्धा कोयता'. उचल घेतली जाते कोयत्यावर, मुकादमाच्या वहीत नाव असतं पुरुषाचं. बाई ऊस तोडते, सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. शिवाय पहाटे उठून भाकरी तिनंच थापायची. तिच्या कामाला दर नाहीच, कारण वहीत तिचं वेगळं नावच नाही. तिचं कौशल्य किती हा पुढचा प्रश्न, आधी ती कामगार म्हणून मोजलीच जात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. मुकादमाचं कमिशनही वाढलं. वाढ मोठी होती, हे मान्य करायला पाहिजे. आता हिशेब करू. एका कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडून भरला असं धरलं, तर ७३२ रुपये झाले. माणशी ३६६. पहाटे सुरू झालेलं काम, आणि गाडी उशिरा आली तर रात्री भरणी. रोजगार हमीवर राज्यात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे तोडणीच्या कष्टाला आणि कसबाला मिळून हमीच्या मजुरीपेक्षा पन्नासभर रुपये जास्त.

तोडणीला कसब कसलं, असं म्हणणाऱ्यानं एक दिवस फडात उभं राहावं. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण साखर बुडख्यात जास्त असते. वर चार बोटं खुंट राहिला तर वजन जातं, आणि खोडवाही नीट फुटत नाही. वाढं नेमकं कुठं छाटायचं, हे डोळ्यानं कळावं लागतं. जास्त छाटलं तर शेतकऱ्याचं वजन गेलं, कमी छाटलं तर कारखान्याचा उतारा गेला. मोळी सैल बांधली तर गाडी भरताना सुटते.

याची किंमत शेतकऱ्याला पैशात कळते. एकरी ५० टनांच्या उसात तोडणीतल्या निष्काळजीपणानं एक टक्का जरी रानात राहिला, तरी अर्धा टन गेला. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होती. म्हणजे एकरी १,७७५ रुपयांचा फटका. तोडणी-वाहतूक वजा केली तरी नुकसान हलकं नाही. चांगली टोळी मिळावी म्हणून शेतकरी मुकादमाच्या मागं का फिरतो, वर खुशालीचे पैसे का मोजतो, याचं उत्तर इथं आहे. सगळ्यांना माहीत आहे की टोळी-टोळीत फरक असतो. कागद तेवढा म्हणतो की सगळे सारखेच.

यंत्राकडं बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. हार्वेस्टरची किंमत कोटीच्या घरात. सरकारनं २०२३ मध्ये राज्यात ९०० यंत्रांसाठी योजना आणली, त्यात ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाखांचं अनुदान. यंत्रानं तोडलेल्या उसात पाचट जास्त येतं म्हणून वजनात वजावट धरली जाते. म्हणजे हातानं केलेली तोडणी जास्त स्वच्छ, हे कारखान्याच्या हिशेबातही मान्य आहे. यंत्राच्या वाईट कामाला वजावट आहे, हाताच्या चांगल्या कामाला बक्षीस नाही.

कारखान्याच्या आत वर्गवारी, गेटाबाहेर नाही

त्याच कारखान्याच्या आत गेलं की चित्र वेगळं दिसतं. साखर कामगारांसाठी १९५७ साली केंद्रीय वेतन मंडळ नेमलं गेलं. त्या काळापासून कामाची वर्गवारी चालत आली आहे. अकुशल, अर्धकुशल, कुशलमध्ये सी, बी, ए अशा पायऱ्या, वर अतिकुशल, मग सुपरवायझर. पॅनवर साखरेचा दाणा जमवणारा माणूस, बॉयलरवरचा माणूस, फिटर, प्रत्येकाची जागा ठरलेली. हंगामी कामगाराला बिगर हंगामात रिटेन्शन अलाउन्स मिळतो, तोही वर्गवारी बघून.

पॅनवरच्या जुन्या माणसांनी कॉलेजात काय शिकलं होतं? बरेच जण हाताखाली राहूनच शिकले. दाणा धरला का नाही, हे बोटांत पाक घेऊन सांगायचे. तरी ते कुशल ठरले, कारण त्यांच्यामागं युनियन होती, वेतन मंडळ होतं आणि लेखी करार होता. हे करार आजही होतात. २०२१ मध्ये १२ टक्के आणि २०२५ मध्ये १० टक्के वेतनवाढ ठरली ती अशाच त्रिपक्ष समितीत.

म्हणजे कामात कसब आहे की नाही, एवढ्यावर वर्ग ठरत नाही. ते कसब कागदावर आणायला कोणी ताकद लावली, यावर ठरतं. गेटाच्या आतल्याची ताकद लागली. बाहेर फडात उभा असलेल्याच्या वाट्याला टनाचा दर आला, वर्गवारी आली नाही.

साहेबांच्या देशातही हेच झालं होतं

हे आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये डॅगनम इथं फोर्डचा मोटारींचा कारखाना होता. तिथं १८७ बायका मोटारीच्या सीटांची कव्हरं शिवायच्या. कामावर घेताना त्यांची शिवणकामाची परीक्षा घेतली जायची. पण कामाची वर्गवारी झाली तेव्हा त्यांना कमी कसबाच्या 'बी' वर्गात टाकलं. वर त्या वर्गातल्या पुरुषाला जो पगार, त्याच्या ८५ टक्केच यांना.

जून १९६८ मध्ये त्या संपावर गेल्या. कव्हरं नाहीत म्हणून गाड्या अडल्या आणि आख्खा कारखाना थांबला. तीन आठवड्यांनी तडजोड झाली, पगार पुरुषांच्या ९२ टक्क्यांपर्यंत आला. दोन वर्षांत तिथं समान वेतनाचा कायदाही झाला. पण 'कुशल' हा वर्ग मिळायला १९८४ उजाडलं, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला. पैसे वाढवून द्यायला मालक लवकर तयार झाला, शब्द बदलायला सोळा वर्षं लागली.

आपल्याकडं समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा आहे, आता ते कलम वेतन संहितेत आलं. तरी कुठल्याही गावात जा, बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी. कारण विचारलं तर सांगतात, पुरुषाचं काम 'जड' आणि बाईचं 'हलकं'. कांदालागण, खुरपणी, पेरूला फोम लावणं, डाळिंबाची प्रतवारी. दिवसभर वाकून राहणं आणि हजार फळांतून डागाचं फळ एका नजरेत बाजूला काढणं, हे 'हलकं' कुणी ठरवलं?

सरकारी योजनांतही पहिली नजर कागदावर

रोजगार हमीच्या कायद्यात शब्दच 'अकुशल अंगमेहनतीचं काम' असा आहे. विहिरीचं काम निघालं की खोदणारा अकुशल, बांधकाम करणारा गवंडी कुशल. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, 'अकुशल' हा शब्द तसाच राहिला.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. त्यात बारावीला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिन्याला. एकाच ऑफिसात, एकाच टेबलावर, एकच काम करणाऱ्या तिघांना तीन दर पडू शकतात. काम कोण चांगलं करतो, याला त्या तक्त्यात जागा नाही.

अंगणवाडी सेविकेचंही तसंच. तिला पगार नाही, 'मानधन' आहे. आशाताई तर 'स्वयंसेविका'. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तिथंही भांडण होतं ते हेच, हे काम म्हणजे नोकरी की सेवा.

काही योजना मात्र हातातल्या कसबाला ओळख देतात. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी असे १८ धंदे त्यात आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजानं पहिल्यांदा एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. मासेमारीचं जाळं विणणारा त्या यादीत आहे, म्हणजे उजनीच्या काठावरच्या माणसांना त्याचा उपयोग आहे. पण डाळिंब, द्राक्षाची छाटणी करणारा त्यात नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यात वेलींची उतरण करणारा नाही. कोयता नाही. शेतीतलं कसब १८ धंद्यांच्या यादीत आलंच नाही.

दुसरीकडं ड्रोन दीदीसाठी १५ दिवसांचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट आहे. ते चांगलंच आहे, बायकांच्या हातात यंत्र आलं पाहिजे. प्रश्न एवढाच की पंधरा दिवसांच्या शिक्षणाला कागद मिळतो, तर वीस वर्षांच्या छाटणीला का नाही? आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. गावापर्यंत ती फारशी येत नाही, आणि आली तरी त्या कागदानं हजेरी वाढते का, हे विचारायला कोणी येत नाही.

मालकाची बाजूही आहे

सर्टिफिकेट मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो. शंभर पोरं दारात उभी असतील तर कोणाला काय येतं हे तपासायला वेळ नसतो, म्हणून कागद बघितला जातो. बॉयलर, वीज, क्रेन यांसारख्या कामात शिक्षण नसलेला माणूस ठेवला तर जीवावर बेतू शकतं. तिथं कागद पाहिजेच.

छोट्या शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. तोच मजुराचा मालक आणि तोच बाजारात मार खाणारा. हजेरी वाढवायची कुठून, हा त्याचा सवाल खरा आहे. पण त्याच्याही कसबाची तीच गत आहे, हे त्यानं बघायला हवं.

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग उसाचा खर्च काढतो तेव्हा बी-बियाणं, खत, मजुरी असा रोख खर्च आणि त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतो. याला ए-२ अधिक एफएल म्हणतात. घरच्या माणसाची मजुरी धरली जाते ती मजुराच्या दरानं. लागण कधी करायची, पाणी कधी तोडायचं, हुमणी कशी ओळखायची, हे जे डोकं शेतकरी लावतो त्याला या आकड्यात जागा नाही. व्यवस्थापनाचे म्हणून दहा टक्के धरणारा सी-३ नावाचा खर्च आहे. पण एफआरपी खर्चाच्या दुप्पट आहे असं सांगितलं जातं तेव्हा हिशेब ए-२ अधिक एफएलचा असतो. म्हणजे सरकारच्या वहीत शेतकरीसुद्धा स्वतःच्याच रानात मजूरच. मजुराला अकुशल म्हणून त्याचा दर पाडला जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या घरच्या मजुरीचा आकडाही त्याच दरानं धरला जातो.

गावातल्या माणसानं काय करावं?

वसाहतीत कामाला जाणाऱ्या पोरांनी नेमणूक पत्र मागून घ्यावं. नव्या संहितेप्रमाणं ते देणं बंधनकारक आहे. पत्रात आणि पगार पावतीवर पद काय लिहिलंय ते बघावं. मशीन चालवत असाल आणि कागदावर 'हेल्पर' असेल, तर फरक दर महिन्याच्या पगारात पडतो, आणि पीएफ त्या पगारावर ठरतो. कुठल्या तारखेपासून कुठल्या मशीनवर काम केलं, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. कंपनी बदलताना तीच कामाला येते. तक्रार असेल तर ती लेखी करावी, आणि एकट्यानं करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून करावी.

गवंडी, सेंट्रिंगवाले यांनी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करावी. त्याला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ग्रामसेवकाकडून मिळू शकतो.

छाटणीच्या टोळ्यांना हे थोडंफार जमलंय, त्यातून शिकण्यासारखं आहे. या टोळ्या रोजावर न जाता झाडावर उक्तं घेतात, चार बागा चांगल्या केल्या की पाचवा बागायतदार स्वतः फोन करतो, आणि दर टोळी सांगते. कागद नसताना नावावर किंमत मिळवायची ही गावची जुनी रीत आहे. बायकांच्या टोळ्यांनीही प्रतवारीची आणि लागणीची कामं अशी उक्ती घ्यायला सुरुवात केली, तर 'हलकं काम' म्हणून कमी हजेरी द्यायचा प्रश्नच मिटतो.

राहिला कोयता. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र द्यायचं काम गोपीनाथ मुंडे महामंडळाच्या योजनेतून ग्रामसेवकांकडं आहे. तोडणीचा पुढचा करार होईल तेव्हा टनाला किती रुपये वाढले याची बातमी होईलच. त्याबरोबर दोन गोष्टी बघाव्या लागतील. मुकादमाच्या वहीत बाईचं नाव वेगळं आलं का, आणि जमिनीलगत, स्वच्छ तोडणी करणाऱ्या टोळीला जादा दर ठरला का. या दोन गोष्टी झाल्या तर कामगाराला पैसे मिळतील, शेतकऱ्याच्या रानात बुडखा राहणार नाही आणि कारखान्याला उतारा मिळेल. मागणी कामगारांच्या संघटनांनी करायची आहे, पण शेतकऱ्यांनी आणि कारखान्याच्या सभासदांनी सर्वसाधारण सभेत हा विषय काढायला काहीच हरकत नाही. ऊस त्यांचाच आहे.